उन्हाळ्याची सुट्टी आणि गावचे वाचनालय

वैशाख लागला. मोहाची फुले वेचून झाली. आता तेंदूपत्त्याचे दिवस आले. शाळेच्या दाराला कुलूप लागले आणि गावातली मुले मोकळी झाली.

मोकळी झाली म्हणजे काय झाली? कोणी बकऱ्यांमागे गेले. कोणी धाकट्या भावाला कडेवर घेऊन बसले. कोणी आईबरोबर पाने तोडायला रानात गेले, तर कोणी दिवसभर आंब्याखाली. यात वाईट काही नाही. रान हीसुद्धा एक शाळाच आहे. कोणते फळ खावे, कोणते खाऊ नये, कोणत्या वाटेने जाऊ नये, हे रानातच कळते.

पण ह्या दिवसांत एक गोष्ट हळूच घडते. ती कुणाच्या ध्यानात येत नाही. जे मूल मार्च महिन्यात अडखळत का होईना, धडा वाचत होते, ते जूनच्या अखेरीस पुन्हा जोडाक्षरापाशी अडते. गुरुजी विचारतात, 'अरे, हे तर तुला येत होतं ना?' मूल खाली पाहते. त्याला येत होते हे खरे, आणि आता येत नाही हेही खरे.

विळा वळचणीला खोचून ठेवला की गंजतो. नवे शिकलेले अक्षर तसेच असते. रोज वापरले तर त्याला धार राहते. दोन महिने बाजूला ठेवले तर त्यावर गंज चढतो. तुम्ही स्वतः मोठेपणी वाचायला शिकला असाल, तर हे आम्ही तुम्हाला सांगायला नको. महाराष्ट्रात १९५९ साली सातारा जिल्ह्यातून ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे राज्यभर पसरली. पुष्कळ प्रौढ माणसे त्या मोहिमेत सही करायला, वाचायला शिकली. परंतु जेथे पुढे वाचायला पुस्तक मिळाले नाही, तेथे कित्येकजण शिकलेले विसरूनही गेले. मोठ्यांचे असे होते, मग मुलांचे का होणार नाही?

आपल्या चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत तर ही सुट्टी अधिकच लांब. बाकीच्या महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. विदर्भात ऊन फार, म्हणून आपल्याकडे त्या जूनच्या शेवटी उघडतात. म्हणजे गंज चढायला आणखी काही दिवस मिळतात.

ह्याला उपाय काय? उपाय साधा आहे. शाळा बंद असेल तेव्हा गावचे वाचनालय मुलांसाठी उघडे ठेवावे, आणि तेथे रोज कुणीतरी मोठ्या माणसाने बसावे. ते मोठे माणूस म्हणजे तुम्ही. ह्या पाठात आम्ही तेच सांगणार आहोत.

ही कल्पना नवी नाही

वाचनालय म्हणजे शहरातल्या लोकांची चैन, असे काहीजणांना वाटते. तसे नाही. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड ह्यांनी १९१० साली आपल्या राज्यात सार्वजनिक वाचनालयांची चळवळ सुरू केली. त्यासाठी त्यांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन नावाचे जाणकार बोलावून आणले. बडोदे शहरात मोठे ग्रंथालय झालेच, पण महाराज तेवढ्यावर थांबले नाहीत. जेथे वाचनालय नव्हते तेथे लाकडी पेट्यांत पुस्तके भरून पाठवत. एका गावाने पेटी वाचली की ती पुढच्या गावाला जाई. मनुष्य पुस्तकापर्यंत येऊ शकत नसेल, तर पुस्तकाने मनुष्यापर्यंत जावे, असा त्यातला विचार होता.

आपल्या राज्यात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. मान्यता मिळालेल्या वाचनालयांना ह्या कायद्याप्रमाणे सरकारी अनुदान मिळते. त्यांचे अ, ब, क आणि ड असे चार वर्ग आहेत. खेड्यातली लहान वाचनालये बहुधा ड वर्गात असतात. शिवाय २०२० नंतरच्या वर्षांत गडचिरोली पोलीस दलाने 'एक गाव एक वाचनालय' हा उपक्रम हाती घेतला. त्यात दूरदूरच्या गावांतल्या लोकांनी श्रमदान करून वाचनालयाच्या इमारती उभ्या केल्या. म्हणजे पुस्तके आपल्या रानापर्यंत आली आहेत. आता ती कपाटातून मुलांच्या हातात जायची राहिली आहेत.

मुलांच्या सुट्टीसाठी वाचनालयात खास वाचनाचे कार्यक्रम करण्याची रीत अमेरिकेत १८९० च्या सुमारास सुरू झाली. तेथेही सुट्टी लांब असते आणि तेथेही मुले विसरतात. म्हणून तेथल्या काही विद्वानांनी ह्या गोष्टीचा नीट अभ्यास केला. त्यांना काय आढळले ते आपण पाहू. त्यांचे देश वेगळे, शहरे वेगळी. पण मूल हे मूलच असते.

बार्बरा हेन्स नावाच्या बाईंनी अटलांटा शहरातल्या मुलांवर पुस्तक लिहिले. ते १९७८ साली छापले. सुट्टीत निदान सहा पुस्तके वाचणारी मुले मागे पडत नाहीत, उलट पुढे जातात, असे त्यांना दिसले. ह्या कामी सगळ्यांत जास्त उपयोग कुणाचा होतो, तर सार्वजनिक वाचनालयाचा, असेही त्यांनी नोंदवले.

पुढे फ्लोरिडा राज्यात आणखी एक प्रयोग झाला. गरीब घरांतल्या मुलांना दर उन्हाळ्यात बारा पुस्तके दिली. असे तीन उन्हाळे केले. पुस्तके कोणती घ्यायची हे मोठ्यांनी ठरवले नाही. मुलांनी आपल्या आवडीने निवडली. त्या मुलांचे वाचन इतरांपेक्षा सुधारले. ह्या कामाची हकीगत २०१० साली प्रसिद्ध झाली.

सहा पुस्तके किंवा बारा पुस्तके. हे काही डोंगराएवढे काम नाही. आपल्या गावच्या पेटीतही तेवढी असतात.

'मले तं आत्ताच वाचता येऊन रायलं'

आम्ही एका गावी बायांच्या बैठकीत हे सारे सांगितले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग आम्ही विचारले, 'आता सकाळी वाचनालयात कोण बसेल?' सगळ्या एकमेकींकडे पाहू लागल्या. शेवटी एक म्हातारी बाई म्हणाली, 'मी का शिकवू? मले तं आत्ताच वाचता येऊन रायलं.'

आम्ही म्हटले, 'आजी, तुम्ही शिकवू नका. तुम्ही फक्त ऐका.'

दुसऱ्या दिवशी ती आली. तिसरीतली एक मुलगी तिच्याजवळ बसून वाचू लागली. आजी मुलीच्या बोटामागून आपले बोट फिरवत होती. एका जोडाक्षराशी मुलगी अडली. आजीही अडली. दोघींनी मिळून ते अक्षर फोडले, जुळवले, पुन्हा म्हटले. शब्द लागला, तेव्हा दोघी हसल्या. त्या दिवशी त्या वाचनालयात एक नव्हे, दोन माणसे शिकली.

तेव्हापासून आम्ही एक गोष्ट पक्की धरली आहे. मुलाला पंडित लागत नाही. त्याला ऐकणारे माणूस लागते. घरात आईला वेळ नाही, बाप कामाला गेलेला. आपण वाचतो आहोत आणि कुणीतरी ऐकते आहे, हे कळले की मूल पुढचे पान उलटते.

हे नुसते आमचे म्हणणे नाही. उत्तर प्रदेशात जौनपूर नावाचा जिल्हा आहे. तेथे २००५-०६ च्या सुमारास 'प्रथम' ह्या संस्थेने गावांतल्याच तरुण पोरापोरींना थोड्या दिवसांचे शिक्षण दिले आणि मुलांचे वाचनवर्ग चालवायला सांगितले. ही तरुण मंडळी काही शिक्षक नव्हती. पगारही नव्हता. तरी ज्या मुलांना एकही अक्षर ओळखता येत नव्हते, त्यांतली जी वर्गाला आली, ती फार मोठ्या संख्येने अक्षरे ओळखू लागली. ज्यांना नुसती अक्षरे येत होती, त्यांतली कित्येक गोष्ट वाचू लागली.

पण ह्याच प्रयोगात दुसरीही एक गोष्ट दिसली. ती लपवून चालणार नाही. वर्ग चांगले होते, तरी गावातली थोडीच मुले तेथे आली. पुष्कळ गरजू मुले आलीच नाहीत. म्हणजे वाचनालय उघडले, सतरंजी घातली, एवढ्याने काम होत नाही. जे मूल येत नाही, ते का येत नाही हे शोधावे लागते.

वेळ कोणती धरावी?

पहिल्या उन्हाळ्यात आम्ही मोठी चूक केली. कार्यक्रम ठेवला दुपारी तीन वाजता. बाहेर फलक लावला. मुले आली तीन. त्यांतही दोन आमच्या ओळखीच्या घरची.

आम्हाला वाटले, गावाला आस्था नाही. मग आम्ही घरोघर गेलो आणि आमचेच अज्ञान आम्हाला कळले. मे महिन्यात चंद्रपुराकडे ऊन ४५ अंशांच्या वर जाते. भर दुपारी लहान पोराला कोण बाहेर पाठवील? शिवाय ते दिवस तेंदूपत्त्याचे. घरची माणसे पहाटेच रानात जातात, ऊन चढता चढता पानांचे गाठोडे डोक्यावर घेऊन परततात. मग सावलीत बसून पुडे बांधायचे. आपल्याकडे एका पुड्यात ७० पाने असतात. मोजायला, जुळवायला लहान हात लागतात. सायंकाळी पुडे विकायला न्यायचे. वर्षाच्या मीठमिरचीचा पैसा ह्याच पंधरा-वीस दिवसांत येतो. तेव्हा 'पोराला वाचायला का पाठवत नाही?' असे विचारणे म्हणजे पोटावर पाय देण्यासारखे आहे.

मग आम्ही वेळ बदलली. जी मुले घरी राहतात त्यांच्यासाठी सकाळी सात ते नऊ. जी रानात जातात त्यांच्यासाठी दिवेलागणीनंतर एक तास, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर. सकाळच्या वेळेचा आणखी एक फायदा झाला. आयाबाया म्हणू लागल्या, 'लेकरू इथं बसलं की जिवाला घोर नाही.'

ह्या बोलण्यामागे मोठे दुःख आहे. उन्हाळ्यात माणसे रानात जातात आणि वाघाशी गाठ पडते. मे २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूची पाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात दगावल्या. अशा दिवसांत लहान मूल आईच्या मागे रानात न जाता, गावातच चार माणसांच्या नजरेसमोर बसले, तर ते केवळ वाचनाचे काम राहत नाही. ते मूल जपण्याचे काम होते.

आणि दुपारी? दुपारीसुद्धा एक सोय होते. पुडे बांधताना हात गुंतलेले असतात, पण कान मोकळे असतात. एकाने मोठ्याने गोष्ट वाचावी, बाकीच्यांनी पुडे बांधत ऐकावे. वाचणारे पोर आळीपाळीने बदलावे. त्याच्या वाटचे पुडे त्या वेळी दुसऱ्याने बांधावेत. आम्ही एका आंब्याखाली असे होताना पाहिले. गोष्ट रंगात आली आणि वाचणारा मुलगा पाणी प्यायला उठला, तर एक आजोबा म्हणाले, 'बस ना बापा, मंग का झालं थे सांगून जा!'

कपाटाचे कुलूप

आमची दुसरी चूक कुलपाची. वाचनालयाचे कपाट होते. पुस्तके होती. पण किल्ली एकाच माणसाजवळ, आणि तो माणूस आठ दिवस बाहेरगावी. मुले रोज येत, काचेतून पुस्तकांची पाठ पाहत आणि परत जात.

किल्लीवाल्या माणसाचा दोष नव्हता. त्याला भीती होती. पुस्तक फाटले, हरवले तर जाब कोण देणार? ही भीती पुष्कळ ठिकाणी असते, आणि ती जुनीही आहे. युरोपात काही शतकांपूर्वी पुस्तके साखळीने कपाटाला बांधून ठेवत. तेव्हा एक पुस्तक हाताने लिहायला महिनेच्या महिने लागत, म्हणून तसे करत. आता छापखाने आहेत, तरी मनातली साखळी सुटलेली नाही. आपल्या देशात ग्रंथालयांचे शास्त्र ज्यांनी उभे केले, त्या एस. आर. रंगनाथन ह्यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम सांगितले. त्यांतला पहिलाच नियम असा, की पुस्तके वापरण्यासाठी आहेत. जपून ठेवण्यासाठी नव्हेत. वापरून जुनी होण्यासाठी.

आम्ही मग दोन किल्ल्या केल्या. एक वाचनालयात, एक बचत गटाच्या बाईजवळ. एक साधी वही घातली. तीत चार रकाने: मुलाचे नाव, पुस्तकाचे नाव, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख. मुलाने स्वतः लिहायचे. उन्हाळा संपल्यावर पाहिले, तर थोड्या पुस्तकांची पाने निसटली होती आणि दोन पुस्तके आली नव्हती. निसटलेली पाने मुलांनीच खळ लावून चिकटवली. दोन पुस्तके गेली ती गेली. पण कपाटात बंद राहून वाळवीने खाल्लेली पुस्तके किती गेली, ह्याचा हिशेब आपण कधी करत नाही.

बसल्यावर काय करावे?

आता रोजचे काम सांगतो. ते अवघड नाही.

पहिले काम, पुस्तके सतरंजीवर पसरावी. कपाटात पाठीकडून पुस्तक ओळखता येत नाही. मुखपृष्ठ दिसले पाहिजे. मग मुलाला हवे ते घेऊ द्यावे. पाचवीतल्या मुलाने पहिलीचे चित्रांचे पुस्तक घेतले तर हसू नये. त्याला ते हवे आहे, कारण ते त्याला जमते. आज जमले तर उद्या तो जाड पुस्तक घेईल.

दुसरे काम, एक गोष्ट आपण मोठ्याने वाचून दाखवावी. रोज एकच. आपल्याला भरभर येत नसेल तर आदल्या रात्री घरी दोनदा वाचून यावे. सावकाश वाचावे. चित्र सगळ्यांना दाखवावे.

तिसरे काम, एकेका मुलाचे वाचन ऐकावे. दर शब्दाला चूक काढू नये. मूल अडले तर मनात पाच आकडे मोजावे. तेवढ्यात ते बहुधा स्वतःच पुढे जाते. नाहीच जमले तर शब्द सांगावा आणि पुढे जाऊ द्यावे. रागावू तर मुळीच नये. वाचनालयाला शाळेसारखी परीक्षा नाही, म्हणूनच तेथे मूल मोकळे होते.

चौथे काम, वाचून झाल्यावर विचारावे, 'काय झालं गोष्टीत?' एवढेच विचारावे. मूल आपल्या बोलीत सांगेल. सांगू द्यावे. सांगताना त्याला अर्थ लागतो.

बक्षीस ठेवावे का, असे पुष्कळजण विचारतात. आम्ही एकदा ठेवले. सर्वांत जास्त पुस्तके वाचणाऱ्याला दप्तर. झाले काय, की मुले सर्वांत बारीक पुस्तके शोधू लागली आणि नुसती पाने उलटून वहीत नावे लिहू लागली. पुढच्या वर्षापासून आम्ही बक्षीस बंद केले. त्याऐवजी शेवटच्या दिवशी मुलांनी आवडलेल्या गोष्टीचे नाटक करावे असे ठरवले. झाडीपट्टीत नाटकाचे वेड कुणाला सांगायला नको. धोतराचा पडदा झाला, कंदिलाचे दिवे झाले, सारा गाव पाहायला आला. आपले वाक्य पाठ करण्यासाठी मुले तेच पान दहा-दहा वेळा वाचत होती. दप्तराने जे झाले नाही ते नाटकाने झाले.

पुस्तके कोणती असावी? जी असतील ती. साने गुरुजींची 'श्यामची आई' मोठ्या मुलांना द्यावी. गुरुजींनी ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे धावतापळता आहे. माधुरी पुरंदरे ह्यांची चित्रांची पुस्तके लहानांना फार आवडतात. नॅशनल बुक ट्रस्ट ही सरकारी संस्था १९५७ पासून स्वस्त पुस्तके काढते. तिची मुलांची पुस्तके मराठीत आहेत. 'बालभारती'चे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते. त्याचे जुने अंकही मुले आवडीने वाचतात. पुस्तके कमी पडली, तर शेजारच्या गावच्या वाचनालयाशी अदलाबदल करावी. बडोद्याची पेटी आठवा.

घरची भाषा आणि पुस्तकाची भाषा

आपल्या भागातली एक अडचण इतर महाराष्ट्रात तितकीशी नाही. येथे घरोघर मराठी बोलत नाहीत. भामरागड, एटापल्लीकडे माडिया आहे. धानोऱ्याकडे गोंडी आहे. सिरोंच्याकडे तेलुगू आहे. कोरचीकडे छत्तीसगढी कानावर पडते. मुलचेरा, चामोर्शी भागात पूर्व बंगालातून येऊन वसलेल्या लोकांची बंगाली आहे. मराठी बोलणाऱ्यांच्या घरीही पुस्तकातली मराठी नसते. आपली झाडीबोली असते. मग मूल पुस्तक उघडते, अक्षर लागते, पण अर्थ लागत नाही.

अशा वेळी मोठ्या माणसाचे काम फार मोलाचे असते. 'पाणी म्हणजे आपलं येर,' असे एका शब्दात सांगितले की मुलाचा चेहरा खुलतो. गोष्ट मराठीत वाचावी, गोंडीत सांगावी. किंवा आधी गोंडीत सांगावी आणि मग मराठीत वाचावी. हे काम शहरातून आलेल्या पदवीधराला जमणार नाही. ते तुम्हालाच जमेल.

घरच्या भाषेची लाज धरू नये. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, ती ह्याच विचाराने. 'प्रथम बुक्स' ह्या संस्थेच्या संकेतस्थळावर गोंडी भाषेतल्याही गोष्टी आहेत. कुणाजवळ मोबाईल आणि तालुक्याला छपाईची सोय असेल, तर त्या कागदावर काढून घ्याव्या. आणि गावातल्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी तर आहेतच. म्हाताऱ्याने सांगावी, मोठ्या मुलीने वहीत लिहावी, लहानांनी ती वही वाचावी. वाचनालयात असे एक नवे पुस्तक तयार होते. ते दुसऱ्या कुठल्याही गावी मिळत नाही.

जे मूल येत नाही ते

रोजची हजेरी पाहून आनंद होतो. पण वही मिटताना एक प्रश्न स्वतःला विचारावा. आज कोण आले नाही?

एक मुलगी दारापर्यंत येऊन उभी राहत असे. आत येत नसे. कडेवर वर्षाचा भाऊ. तो रडेल, लोक ओरडतील, ही भीती. आम्ही कोपऱ्यात एक गोधडी घातली. भाऊ गोधडीवर खेळू लागला. ताई वाचू लागली. नंतर तशा आणखी मुली आल्या. एका गोधडीने हे काम झाले.

कुणाला वाचता येत नाही ह्याची लाज असते. तो मोठ्या मुलांत येत नाही. त्याला चित्रांची पुस्तके मांडायचे काम द्यावे. काम करता करता तो पान उलटतो. कुणाचे घर टोलीवर, लांब. तेथे आठवड्यातून दोनदा पिशवीत दहा पुस्तके घालून आपणच जावे. कुणाच्या बापाला वाटते, वाचून काय होणार? त्याच्याशी वाद घालू नये. पुडे विकले त्याचा कागद मुलाच्या हाती द्यावा आणि सांगावे, 'बाबाला वाचून दाखव.' किती पुडे, काय दर, किती रुपये. बाप ऐकतो आणि दुसऱ्या दिवशी मूल वाचनालयात दिसते.

कागद वाचता येणे ही आपल्या भागात लहान गोष्ट नाही. धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गाव सर्वांना ठाऊक आहे. तेथले लोक अभ्यासगटात एकत्र बसून कायदे समजून घेत आले. विचार करून, सर्वांच्या संमतीने निर्णय करत आले. वनहक्क कायदा २००६ साली झाला आणि २००९ साली ह्या गावाला आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने गावाच्या हाती आले. आज अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचा व्यवहार स्वतः करतात. ठराव लिहावे लागतात, हिशेब ठेवावे लागतात, करार वाचावे लागतात. आज जे मूल सतरंजीवर बसून कोल्ह्याची गोष्ट वाचते आहे, तेच उद्या ग्रामसभेचे दप्तर वाचणार आहे. त्याला ते वाचता आले नाही, तर दुसरा कोणीतरी येऊन त्याच्या वतीने वाचील. मग तो जे सांगेल ते खरे धरावे लागेल.

आता कामाला लागू

एवढे वाचून तुम्ही म्हणाल, 'मला रोज वेळ कुठला?' रोज नको. गावातल्या सात जणांनी आठवड्याचा एकेक दिवस वाटून घ्यावा. म्हणजे एकाच्या वाट्याला आठवड्याला दोन तास आले. सात जण मिळत नसतील तर चौघांनी चार दिवस चालवावे. रोज एका ठरलेल्या वेळी उघडणारे लहान वाचनालय हे कधीमधी उघडणाऱ्या मोठ्या वाचनालयापेक्षा बरे. मुलांना भरवसा वाटला पाहिजे, की आपण गेलो तर दार उघडे असेल.

सुरुवात चैत्रातच करावी. किल्ली कुणाजवळ आहे ते विचारावे. ग्रामसभेत विषय काढावा. शाळेच्या गुरुजींना भेटून कोणते मूल वाचनात मागे आहे ते समजून घ्यावे. अडचण आली तर चंद्रपूर किंवा गडचिरोलीच्या जिल्हा ग्रंथालयात जाऊन विचारावे. आणि जूनच्या अखेरीस शाळा उघडली, की ती चार रकान्यांची वही गुरुजींच्या हाती द्यावी. कोणत्या मुलाने काय वाचले, ते त्यांना त्यातून कळेल.

त्या म्हाताऱ्या आजीची वही आम्ही शेवटी पाहिली. मुलांच्या नावांखाली तिने आपलेही नाव लिहिले होते. त्यापुढे पुस्तकांची नावे होती. अक्षर वाकडेतिकडे, पण स्वच्छ. मोजली तर सहा भरली.